ईर्षा, ऱ्हस्व की दीर्घ

लक्ष्मीपुरीतला प्रेस, माझं टेबल खिडकीकडचं.
शिरोलीच्या कारखानदारांचा वार्षिक अहवाल,
त्यात एकतीसदा तपासला एकच शब्द:
स्पर्धात्मकता.
जोडाक्षर नीट, रफार जागेवर,
चूक म्हणावी असं काही नाही,
तरी पेन्सिल दर वेळी थांबली,
भातात खडा लागल्यावर जीभ थांबते तशी.

मशीनच्या आवाजात बोलूनही बघितला.
"आज स्पर्धात्मकतेनं खेळा रे"
असं कुणी ओरडलं असतं फुटबॉलच्या मॅचला,
तर दोन्ही पेठा भांडण विसरून हसल्या असत्या.

आमच्याकडं असते ती ईर्षा.
कोशात तिचा अर्थ मत्सर, हेवा, जळफळाट.
कोश करणारा गंगावेशीत
धारोष्ण दुधाचा पेला घेऊन उभा राहिला नसावा कधी.
इथं ईर्षेनं पोरगं चौथी भाकरी मागतं,
ईर्षेनं जावा-जावा पापड लाटतात
आणि कुणाचे किती ते मोजायचं राहून जातं.
दोन मिसळवाले समोरासमोर,
ईर्षेनं कट वाढत राहतात
आणि घाम फुटतो गिऱ्हाइकाला.
चुरस वेगळी, ती दुसऱ्या दिवशी पेपरात येते.
खुन्नस वेगळी, तिला घास उतरत नाही.
ईर्षा पोटभर जेवून उठते.

हे मला बापाकडनं कळलं.
मलगोंडा गवळी, आणि समोरच्या दारात हसन मुल्लाणी.
पाडव्याला म्हशी पळवायच्या.
शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, कपाळावर मोरपिसांचा तुरा,
सायलेन्सर काढलेली मोटरसायकल पुढं
आणि तिच्या मागं धन्याच्या हाकेवर
उधळलेली काळी, तुकतुकीत, अख्खी म्हैस.
बावीस वर्षं.
अकरा त्यांच्या, दहा आमच्या,
एक भांडणात गेली.

हसनचाचांचा पाय मोडला त्या साली
बाप पहाटे आधी त्यांच्या गोठ्यात जायचा.
सरकी त्यांच्या राणीला, उरली तर आमच्या चंद्रीला.
आई म्हणाली, हरायची हौस आलीया व्हय?
बाप धार काढता काढता म्हणाला,
"उपाशी म्हशीला हरवून
घरला काय तोंड घिऊन येऊ?"
हरला.
आठवडाभर तिरसटासारखा वागला,
आमच्याशी, आईशी, चंद्रीशीसुद्धा.
हेही सांगायला हवं.

मग चाचांनी म्हशी विकल्या,
लेकीकडं इचलकरंजीला गेले.
पुढच्या पाडव्याला बापानं किक मारली,
चंद्री पळाली घाटाच्या वळणापर्यंत
आणि तिथं उभी राहिली.
मान वळवून मागं बघत.
मागं रस्ता होता, रांगोळ्या होत्या,
फटाक्यांचे कागद होते.
बापाची गाडी पुढं एकटीच भुंकत गेली.
परत आला तेव्हा गाडी ढकलत आणत होता,
चंद्री त्याच्या बरोबरीनं, चालत.
शिंगांचा रंग त्यानं त्याच दिवशी धुतला.

पान चाळीस, शेवटची ओळ:
"सर्व घटकांत स्पर्धात्मकता वाढीस लागावी."
मी समासात लिहिलं, कुणाशी?
मालक इंगवले चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"बाई, प्रूफ वाचायला दिलंय,
उत्तर द्यायला नाही."
खरंच आहे. खोडरबर घेतला.

बाप ऱ्हस्व बोलायचा, इर्शा, शहामृगातला श.
मी पोटात रेघ असलेला ष लिहिते, दीर्घ ई लिहिते,
पगार त्याचाच आहे.
पण एखादा शब्द अडला की
अजून बघते वळून,
समोरच्या दाराला कुलूप आहे का ते.

समासात पुसलेल्या जागी बोट फिरवलं.
अक्षर गेलं होतं.
दाब लागत होता हाताला.